बॅरल, तोफू आणि व्हाली : एका महामत्स्याच्या नावांचा इतिहास

१/
सौराष्ट्रातील वेरावळ बंदरात १९९० च्या दशकात 'बॅरल आले' असे कोणी म्हणाले, तर तो पिंपाविषयी बोलत आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. बॅरल हे एका माशाचे नाव होते. बसगाडीएवढा लांब, काळसर पाठीवर पांढरे ठिपके असलेला, जगातील सर्वांत मोठा मासा. आज त्याच किनाऱ्यावर त्याच माशाला 'व्हाली' म्हणतात. व्हाली म्हणजे लाडकी.

२/
'बॅरल' ते 'व्हाली' हा प्रवास अवघ्या काही वर्षांत घडला. त्या प्रवासात एक बाजारपेठ आहे, एक चित्रपट आहे, एक कायदा आहे आणि एक रामकथाकारही आहे. नाणी, ताम्रपट, शिलालेख यांना आपण इतिहासाची साधने मानतो. दर्यावर्दी लोकांच्या तोंडची नावेही तितकीच विश्वासार्ह साधने असतात. एखाद्या प्राण्याला माणूस काय म्हणतो, यावरून तो त्या प्राण्याशी कसा वागतो हे कळते. आजचा हा धागा त्याविषयी.

३/
प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. इंग्रजीतून आलेले त्याचे रूढ नाव 'व्हेल शार्क'. पूर्ण वाढलेला व्हेल शार्क १२ मीटरपर्यंत आणि क्वचित त्याहूनही लांब असतो. त्याच्या जबड्यात बारीक दातांच्या तीनशेहून अधिक ओळी असतात, पण ते दात खाण्याच्या कामी येत नाहीत. हा मासा तोंड उघडे ठेवून संथपणे पोहतो, पाणी गाळून घेतो आणि त्यातील सूक्ष्म जीव, माशांची अंडी व लहान मासे गिळतो. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

४/
म्हणजे नावातील 'शार्क' खरा, 'व्हेल' मात्र केवळ आकारापुरता. मराठीत शार्कला मुशी म्हणतात आणि व्हेलला देवमासा. व्हेल शार्क ही मुशीच, तरी किनाऱ्यावर एखादा व्हेल शार्क वाहून आला की 'देवमासा सापडला' अशी बातमी हमखास छापून येते. ओळखण्याची खूण सोपी आहे. देवमाशाचे शेपूट पाण्याला समांतर, आडवे असते, मुशीचे उभे. देवमासा श्वासासाठी पाण्यावर येतो. मुशी कल्ल्यांनी श्वास घेते. नाव चुकले की ओळखही चुकते, हा या कथेचा पहिला धडा.

५/
आता मागे जाऊ. एप्रिल १८२८. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, आजच्या केप टाउनजवळील टेबल उपसागरात कोळ्यांनी एका अनोळखी माशाला भाला मारून पकडले. लांबी सुमारे साडेचार मीटर, म्हणजे या जातीच्या मानाने तो लहानच होता. अँड्र्यू स्मिथ नावाचे ब्रिटिश लष्करी डॉक्टर तेव्हा तेथे होते. त्यांनी त्या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन लिहिले. त्याचे कातडे सहा पौंडांना विकत घेण्यात आले आणि पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचले.

६/
स्मिथ यांनी त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिले. अर्थ असा की, 'कानशीसारखे दात असलेला'. मात्र पहिल्या छपाईत नावाचे स्पेलिंग एक, नंतरच्या छपाईत दुसरे आणि स्मिथ यांच्याच पुढच्या ग्रंथात आणखी निराळे. ऱ्हिनिओडॉन, ऱ्हिंकोडॉन, ऱ्हिनोडॉन अशी रूपे दीडशे वर्षे शास्त्रज्ञांच्या लेखनात एकमेकांशी भांडत राहिली. अखेर १९८४ मध्ये प्राणिनामांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 'ऱ्हिंकोडॉन' हे रूप कायम केले. जगातील सर्वांत मोठ्या माशाचे अधिकृत नाव ठरायला १५६ वर्षे लागली!

७/
हा विलंब समजण्याजोगा आहे, कारण शास्त्रज्ञांना हा मासा फारसा भेटतच नव्हता. १८६८ मध्ये पर्सिव्हल राइट हे आयरिश निसर्गअभ्यासक सेशेल्स बेटांवर गेले, तेव्हा तेथील लोक त्याला 'शाग्रँ' म्हणतात असे त्यांना आढळले. फ्रेंच भाषेत हा शब्द खरखरीत कातड्यासाठीही वापरतात. आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या एका व्हेल शार्कविषयी एस. एच. प्रेटर यांनी १९४१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साऱ्या जगात मिळून या माशाच्या शास्त्रीय नोंदी साडेतीनशेहूनही कमी होत्या.

८/
ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो? १९४७ मध्ये थोर हायरडाल आणि त्यांचे सोबती 'कॉन-टिकी' नावाच्या तराफ्यावरून पॅसिफिक महासागर पार करीत होते. वाटेत एक व्हेल शार्क तराफ्याजवळ आला आणि बराच वेळ भोवती घिरट्या घालत राहिला. त्याने कोणाला इजा केली नाही. तरीही अखेर खलाशांपैकी एकाने त्याच्या डोक्यात भाला खुपसला, आणि तो प्रचंड मासा दोर तोडून खोल समुद्रात नाहीसा झाला. भीती संपवण्याचा तो जुनाच मार्ग होता.

९/
परंतु शास्त्रज्ञांना आणि खलाशांना जो अनोळखी होता, तो किनाऱ्यावरच्या लोकांना अनोळखी नव्हता. त्यांनी त्याला केव्हाच नावे दिली होती.
केनियात त्याला 'पापा शिलिंगी' म्हणतात. स्वाहिलीत पापा म्हणजे शार्क. देवाने प्रसन्न होऊन या माशावर चांदीची नाणी उधळली आणि ती त्याच्या पाठीला चिकटून राहिली, अशी तेथील लोककथा सांगते. शिलिंग हे नाणे पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश अमलात आले. म्हणजे नावाच्या पोटात वसाहतीचा इतिहासही दडलेला आहे.

१०/
मादागास्करमध्ये त्याचे नाव 'मारोकिंताना', म्हणजे पुष्कळ तारे असलेला. इंडोनेशियातील जावा बेटावर 'गेगेर लिंतांग', म्हणजे पाठीवर तारे असलेला. या दोन किनाऱ्यांमध्ये हिंदी महासागराचे हजारो मैल पाणी आहे. तरी दोन्हीकडच्या माणसांनी होडीतून खाली पाहिले तेव्हा त्यांना पाण्यात तेच दिसले, जे रात्री डोक्यावर दिसत असे.
मलागासी आणि जावानीज या भाषा एकाच ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे.

११/
जपानमध्ये 'जिंबेइ-झामे' हे नाव रूढ आहे. जिंबेइ हा उन्हाळ्यात घालायचा सैल अंगरखा. माशाच्या पाठीवरची नक्षी त्या कापडासारखी वाटली. तेथे त्याचा संबंध कोळ्यांचा देव एबिसू याच्याशीही जोडला जातो, कारण या माशासोबत अनेकदा इतर माशांचे थवे असतात आणि तो दिसणे शुभ मानले जाते. कॅरिबियन समुद्राच्या स्पॅनिशभाषक किनाऱ्यांवर तो 'डोमिनो' झाला. खेळाच्या सोंगटीवरचे ठिपके, दुसरे काय!

१२/
व्हिएतनामचे कोळी देवमाशांना 'का ओंग' म्हणून पूजतात. याचा अर्थ मत्स्यराज किंवा मत्स्यदेव. वादळात सापडलेल्या होडीला तो पाठीवर घेऊन तारतो अशी श्रद्धा आहे. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचे विधिपूर्वक अंत्यसंस्कार होतात आणि त्याची हाडे मंदिरात ठेवली जातात. व्हेल शार्कलाही तेथे हा मान मिळतो. आपल्या 'देवमासा' या शब्दाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

१३/
आतापर्यंतची नावे पाहा. नाणी, तारे, अंगरखा, सोंगटी, देव. ही सारी पाहणाऱ्याने दिलेली नावे आहेत. माणसाने माशाकडे पाहिले, त्याला काहीतरी आठवले, आणि ते तो बोलला.
नावांचा दुसरा एक वर्ग आहे. तो पाहण्यातून जन्मत नाही, कामातून जन्मतो. पकडणाऱ्याने आणि विकणाऱ्याने दिलेली ती नावे. आता त्या वर्गाकडे, म्हणजेच गुजरातकडे वळू.

१४/
सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कचा उपयोग पूर्वीपासून एकाच कारणासाठी होत असे : त्याच्या यकृताचे तेल. लाकडी होड्यांना हे तेल चोपडले की फळ्यांत पाणी मुरत नाही. एका मोठ्या माशाच्या यकृतातून पुष्कळ तेल निघे. मांसाला मात्र स्थानिक बाजारात किंमत नव्हती. साहजिकच शिकार मर्यादित होती. गरज होडीची होती, आणि होड्या मोजक्या होत्या.

१५/
शिकारीची पद्धत अशी. व्हेल शार्क पृष्ठभागाजवळ संथ पोहतो, त्यामुळे होडी त्याच्या अगदी जवळ नेता येते. त्याच्या अंगात मोठा लोखंडी गळ रुतवायचा. गळाला दोर, आणि दोराला रिकामी हवाबंद पिंपे बांधलेली. मासा खोल बुडी मारू पाहतो. पिंपे त्याला वर खेचतात. बुडी मारून मारून तो थकतो, आणि मग ओढत बंदरात आणला जातो. या पिंपांवरूनच त्याला 'बॅरल' हे नाव पडले.

१६/
या नावाचा क्षणभर विचार करा. पाठीवरचे ठिपके, बारा मीटरची लांबी, शांत स्वभाव यांपैकी काहीही त्यात नाही. त्यात आहे ते फक्त मारण्याचे साधन. उद्या कोणी हरणाला 'फासा' म्हणू लागला किंवा पक्ष्याला 'गोफण' म्हणू लागला तर जसे होईल, तसे हे आहे. यात क्रूरपणाचा हेतू नव्हता. रोज ज्या वस्तूशी हाताची गाठ पडते, तिचेच नाव तोंडात बसते. पण एकदा ते बसले की नावाआडचा जीव दिसेनासा होतो.

१७/
१९९० च्या दशकात चित्र पालटले. व्हेल शार्कच्या मांसाला परदेशात, विशेषतः तैवानमध्ये, मोठी मागणी आली. पंखांना पूर्व आशियाच्या बाजारात भाव होताच. ज्या मांसाला वेरावळला कोणी विचारत नव्हते, ते आता गोठवून जहाजाने रवाना होऊ लागले. शिकारीची प्रेरणा होडीच्या गरजेपुरती राहिली नाही, आणि उन्हाळ्याच्या हंगामात शेकडो मासे किनाऱ्यावर ओढले जाऊ लागले.

१८/
तैवानमध्ये या माशाला काय म्हणत? 'तोफू शार्क'. त्याचे मांस पांढरे, मऊ, सोयाबीनच्या पनीरासारखे, म्हणून तोफू. म्हणजे व्यापाराच्या एका टोकाला हा मासा पिंप होता, आणि दुसऱ्या टोकाला ताटातला पदार्थ. मधल्या साऱ्या साखळीत तो जिवंत प्राणी म्हणून कोणाच्याच शब्दांत उरला नव्हता. दोन दूरच्या बंदरांतील दोन नावे एकत्र वाचली की एका बाजारपेठेचा अख्खा इतिहास समोर येतो.

१९/
याच तोफू शार्कने विज्ञानाला एक मोठे गुपित सांगितले. हा मासा अंडी घालतो की पिल्ले, हा वाद जुना होता. १९५३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात भ्रूण असलेले एक मोठे अंडे सापडले, त्यामुळे तो अंडी घालत असावा असे अनेकांना वाटे. १९९५ मध्ये तैवानच्या पूर्व किनाऱ्याजवळ एक मादी मारली गेली. लांबी साडेदहा मीटरहून अधिक. तिच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले होती. वाद मिटला : अंडी पोटातच उबतात आणि पिल्ले जिवंत जन्मतात. एका भाल्याने त्या दिवशी तीनशे जीव संपले होते.

२०/
अशीच कथा फिलिपिन्समध्येही घडत होती. बोहोल प्रदेशातील पामिलाकान बेटावर या माशाला 'बालिलान' म्हणत आणि लोखंडी आकड्यांनी त्याची शिकार करीत. दोन्सोल या गावी त्याचेच नाव 'बुतांदिंग', आणि तेथे शिकारीची परंपरा नव्हती. १९९८ च्या आरंभी दोन्सोलच्या समुद्रातील बुतांदिंगची दृश्ये देशभर पोहोचली आणि मार्च १९९८ मध्ये सरकारने शिकारीवर बंदी घातली. पुढे दोन्सोलचे कोळी पर्यटकांना बुतांदिंग दाखवून उपजीविका करू लागले, आणि ते नाव साऱ्या देशाचे झाले.

२१/
भारतात हे काम एका चित्रपटाने केले. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरील कत्तलीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट बनवला. २००० मध्ये त्याला वन्यजीव चित्रपटांच्या क्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला, ज्याला लोक 'ग्रीन ऑस्कर' म्हणतात. मे २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. वाघ आणि हत्ती ज्या यादीत आहेत तीच ही यादी. त्या कायद्याचे संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. पुढच्याच वर्षी भारत व फिलिपिन्स यांच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले.

२२/
येथे कथा संपायला हवी होती. पण कायदा राजपत्रात छापला जातो, आणि मासेमारी समुद्रात होते. राजपत्रात नाव होते 'व्हेल शार्क'. बंदरातला माणूस ओळखत होता 'बॅरल'ला. ज्या प्राण्याला कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसवले, तो किनाऱ्याच्या भाषेत अजून पिंपच होता. शिवाय कर्ज काढून होडी घेतलेल्या माणसाला दिल्लीच्या अधिसूचनेपेक्षा हंगामाचा हिशेब अधिक जवळचा असतो. त्यात त्याला दोष देता येत नाही.

२३/
२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचा वन विभाग, टाटा केमिकल्स आणि तटरक्षक दल यांनी मिळून एक मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारी बापू हे तिचे दूत झाले. त्यांनी कोळी बांधवांपुढे शास्त्रही मांडले नाही आणि शिक्षेची भीतीही घातली नाही. त्यांनी त्यांना एक नाते सांगितले. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. दारी आलेल्या लेकीवर कोणी हत्यार उगारतो का?

२४/
गुजरातेत काय किंवा महाराष्ट्रात काय, गरोदर लेक माहेरी येते तेव्हा घरातले सारे तिच्याशी कसे वागतात, हे समजावून सांगावे लागत नाही. 'व्हाली' हे नाव त्या भावनेतून आले. माशाएवढीच मोठी, हवेने फुगवलेली प्रतिकृती घेऊन पथनाट्याची मंडळी गावोगाव फिरली. पोरबंदरने व्हालीला आपल्या शहराचे मानचिन्ह केले. मग दीव, मांगरोळ, द्वारका, ओखा, वेरावळ यांनीही. कार्तिक अमावास्या हा गुजरातमध्ये 'व्हेल शार्क दिन' म्हणून पाळला जाऊ लागला.

२५/
आणि मग जाळी कापली जाऊ लागली. व्हेल शार्क जाळ्यात अडकला की त्याला सोडवण्यासाठी जाळेच कापावे लागते, आणि जाळे हे कोळ्याचे भांडवल. वन विभागाने नुकसानभरपाई सुरू केली. सुटकेचा पुरावा म्हणून छायाचित्रे काढण्यासाठी कोळ्यांना कॅमेरे दिले गेले. त्यामुळे अधिकाऱ्याची वाट पाहण्यात माशाचा जीव जाण्याचे प्रसंग टळले. तेव्हापासून गुजरातच्या किनाऱ्यावर नऊशेहून अधिक व्हेल शार्क कोळ्यांनी आपल्या हातांनी समुद्रात परत सोडले आहेत. पूर्वी गळ रुतवणाऱ्यांपैकीच काही हात त्यांत होते.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून प्रश्न विचारला पाहिजे. हे सारे एका नावाने घडले का? नाही. कायद्याने निर्यातीचा बाजार बंद केला नसता, तर लेकीची उपमा किती दिवस टिकली असती? भरपाई नसती, तर फाटलेले जाळे घेऊन घरी जाणाऱ्याने काय केले असते? शिवाय ही उपमा जीवशास्त्राचा सिद्धांत नव्हे. या किनाऱ्यावर मासे येतात त्यामागे मुबलक अन्न हे उघड कारण आहे. कायदा, पैसा आणि शब्द अशी तिन्ही कारणे एकत्र आली.

२७/
पण तिन्हींमध्ये शब्दाचे काम वेगळे होते. कायद्याने सांगितले : मारू नका. भरपाईने सांगितले : सोडलेत तर तोटा होणार नाही. 'का सोडायचे' याचे उत्तर मात्र नावाने दिले. भर समुद्रात, जेथे ना पोलीस असतो ना अधिकारी, तेथे माणूस शेवटी स्वतःच्या भाषेतच निर्णय घेतो. पिंपाची सुटका करावी असे कोणाला वाटत नाही. लाडकीची करावीशी वाटते.

२८/
आता ताऱ्यांकडे परत जाऊ. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते, माणसाच्या बोटाच्या ठशासारखी. हजारो छायाचित्रांतून एकच मासा ओळखायचा कसा? खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड ग्रोथ यांनी १९८६ मध्ये आकाशाच्या छायाचित्रांतील तारकापुंज एकमेकांशी जुळवण्याची एक गणिती रीत मांडली होती. २००५ मध्ये अभ्यासकांनी तीच रीत व्हेल शार्कच्या ठिपक्यांना लावली, आणि ती चालली! आज जगभर पर्यटकांनी काढलेल्या छायाचित्रांवरून एकेक मासा ओळखला जातो. मादागास्करच्या कोळ्याने त्याला 'पुष्कळ ताऱ्यांचा' म्हटले होते, ते उगाच नव्हे.

२९/
आपल्या महाराष्ट्राचे काय? आपल्या समुद्रातही व्हेल शार्क येतात आणि अधूनमधून जाळ्यात अडकतात. डिसेंबर २०१८ पासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी संरक्षित सागरी जीवांना जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना चालवली आहे. या योजनेतून समुद्री कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्कही सुटले आहेत. कायदा आहे, भरपाई आहे. गुजरातने जोडलेला तिसरा धागा, सर्वांच्या तोंडी बसलेले आपुलकीचे नाव, मात्र आपल्याकडे अजून घडायचे आहे. वर्तमानपत्रांत तो अजून 'देवमासा'च आहे.

३०/
धोका टळलेला नाही. तैवानने २००८ मध्ये या माशाची शिकार पूर्णपणे थांबवली, तरी २०१६ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली. जाळी आहेत, जहाजांचे धक्के आहेत. प्रौढ व्हायलाच ज्याला काही दशके लागतात, त्या प्राण्याचा झालेला तोटा पटकन भरून निघत नाही. १९९० च्या दशकात मारलेल्या माशांची पोकळी आजच्या तरुण वाचकांच्या हयातीत भरेल, असे धरून चालता येत नाही.

३१/
म्हणून शेवटी एक विनंती. तुमचे घर वसईला असो, हर्णैला, मालवणला की कारवारला, आजोबांना किंवा शेजारच्या तांडेलाला विचारा : त्या मोठ्या, ठिपक्यांच्या, गरीब स्वभावाच्या मुशीला तुमच्याकडे काय म्हणत? उत्तर मिळाले तर नाव, गाव आणि त्यामागची गोष्ट लिहून ठेवा आणि येथे कळवा. अशी नावे कोणत्याही बखरीत नाहीत. ती फक्त वृद्ध माणसांच्या तोंडी आहेत, आणि त्यांच्याबरोबर जातात.

धागा समाप्त.